अकरावा रकाना

दामिनीने अर्जात एकही गोष्ट खोटी लिहिली नव्हती, आणि घोटाळा झाला तो नेमका त्यामुळेच.

बुधवारी दुपारी शहाद्यातल्या कॉलेजच्या जनसंवाद विभागात हेमकांतभाऊंनी तिचा अर्ज टेबलावरून पुढे सरकवला. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं होतं, 'मार्गदर्शक नातेवाईक असल्याने अर्ज अमान्य.' हेमकांतभाऊ विभागाचे क्लार्क. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा कागद हातात आला की त्यांना आजूबाजूचं दुसरं काही दिसत नसे.

"शुक्रवारले पाच वाजापावेतो काय ते दुरुस्त करीसन दे," ते म्हणाले. "सोमवारी यादी विद्यापीठमा जास. मंग मन्हा हातमा काहीच नही."

दामिनीने मनातल्या मनात हिशोब केला. सहाव्या सत्रात एकशेवीस तासांची इंटर्नशिप सक्तीची होती आणि तिला चार क्रेडिट होते. ते चार गेले की सत्र लटकलं, सत्र लटकलं की पदवी लटकली, म्हणजे सरळ एक वर्ष पाण्यात. आणि त्या एका इंटर्नशिपसाठी तिने काय कमी उंबरे झिजवले होते? नंदुरबारच्या दोन दैनिकांना मेल पाठवून महिना झाला, उत्तराचा पत्ता नव्हता. एका संस्थेच्या माहिती केंद्रासाठी ती जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावी होऊन घाट चढून धडगावला गेली, तर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा गेली, तेव्हाही दौऱ्यावरच. साहेबांचा पाय जमिनीला लागत होता की नाही कोण जाणे.

शेवटी हो म्हणाले ते एकटे नासिरमामा. शहाद्यात त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुकानांची बिलबुकं, आणि दर शनिवारी 'चौफुली' नावाचं आठ पानी साप्ताहिक. साप्ताहिकाची रीतसर नोंदणी होती, शिक्का होता, संपादक म्हणून मामांचं नाव होतं. मार्गदर्शक होतील का, असं दामिनीने विचारलं तेव्हा त्यांनी हातातली पत्रिका खाली ठेवली आणि म्हणाले, "बातमी लिखता येस का तुले, ते पह्यले दखाड."

तिने लिहून दाखवली. ती लाल शाईत न्हाऊन परत आली, पण सोबत संमतीपत्रही आलं.

मग अर्ज भरताना अकरावा रकाना आला. 'मार्गदर्शकाशी विद्यार्थ्याचे नाते असल्यास नमूद करावे.' दामिनीने क्षणभरही विचार न करता लिहिलं, मामा.

आता हे मामा कसे, ते सांगायला हवं. दामिनीची आई मोहिनी तापीकाठच्या गावची. नासिरचे वडील त्याच गावात कापूस पिंजायचे, साऱ्या गावाच्या गाद्या-रजया भरायचे. मोहिनी लग्न होऊन पुरुषोत्तमनगरजवळच्या मळ्यावर आली, तेव्हा रुखवताच्या गाद्यांचा टेंपो घेऊन जो पोरगा मागोमाग आला, तो नासिर. पुढे त्याने शहाद्यात छापखाना टाकला आणि मोहिनीला सासरच्या मुलखात एक भाऊ मिळाला. आपल्याकडे आईच्या माहेरगावचा माणूस म्हणजे मामा. त्याचं घर कुठल्या गल्लीत आणि आडनाव काय, हे कोणी विचारत नाही. नासिर पिंजारीही हे नातं पुरेपूर पाळत असत. बहिणीच्या दारात रिकाम्या हाताने यायचं नाही, हा त्यांचा नेम. हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्याच्या तोंडावर तापीच्या वाळूतली खरबुजं, आणि काहीच नसलं तर निदान नवं कॅलेंडर. त्यामुळे दामिनीच्या वडिलांच्या, भूपेंद्र पाटलांच्या, घरात दरवर्षी एकाच कॅलेंडरच्या चार-पाच प्रती लटकत.

"पण भाऊ, ते माझे सख्खे मामा नाहीत," दामिनी हेमकांतभाऊंना म्हणाली. "आईच्या गावचे आहेत."

"मंग लिखाले कोनी सांगं व्हतं?" हेमकांतभाऊंनी कपाळावर हात मारला. "सोपं शे. स्वयंघोषणापत्र लिखी दे, नातं नही म्हनीसन. खाले तुन्ही सही, त्यासनी सही. हाऊ दख नमुना." त्यांनी नमुन्याचा फोटोही तिच्या मोबाइलवर पाठवून दिला. मदतीला ते कायम एक पाऊल पुढेच असायचे, हे पुढे कळेलच.

दामिनीचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना? बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तिने कागद टाइप करून घेतला, प्रिंट काढली, आणि तिथेच उभ्या उभ्या वाचली. 'माझे व श्री. नासिर पिंजारी यांचे कोणत्याही प्रकारचे नाते नाही.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग कागदाची घडी घातली आणि पर्सच्या अगदी आतल्या कप्प्यात सरकवली, जणू कोणी बघेल.

संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. दामिनीने सगळं सांगितलं, कागदही वाचून दाखवला. आईचे हात थांबले नाहीत.

"सही करी का?" तिने विचारलं.

"नही अजून."

"करी टाक मंग. शिकेल शेस तू." आईने भाकरी उलटली. "फक्त एक कर. तुन्हा बापले इचार, मन्हा बाप गया तधय आठे सांगाले कोन उना व्हता, आन माले गाडीवर बसाडीसन कोन लई गया व्हता."

ती बातमी घेऊन नासिरमामाच आले होते, ओसरीवर बसलेल्या बापाला विचारायची गरजच नव्हती. भूपेंद्र पाटलांनी घसा खाकरला आणि केळीच्या बागेकडे बघत राहिले. ते एवढंच म्हणाले, "वरीस जाई तिनं, मोहिनी." त्यावर आई काही बोलली नाही. जेवताना बोलली नाही आणि सकाळी डबा देतानाही नाही. आईचा ओरडा दामिनीला सवयीचा होता. हे गप्प बसणं नवीन होतं, आणि ते तिला फार लागलं.

गुरुवारी ती छापखान्यात गेली. रस्ताभर तिने वाक्यं जुळवली. मामा, हे फक्त कागदावर आहे. मामा, नियमच तसा आहे. प्रत्येक वाक्य 'मामा'ने सुरू होत होतं आणि मामा नाहीत असं सांगत होतं. तिचं तिलाच हसू आलं, मग रडू आलं.

छापखान्यात शकीलामामी एकट्याच पत्रिकांच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"मामा तर मोलगीले गया ना, आज बाजार शे," त्या म्हणाल्या. मोलगीच्या आठवडे बाजारात अंक विकायचे आणि डोंगरातल्या गावांच्या बातम्या गोळा करायच्या, हा मामांचा नेम होता. "सकायलेच निंघना. म्हने, गावमा एक काम करीसन जीप धरस. आन हाई पिशी तुन्ही मायसाठे ठेयेल शे. लई जा."

पिशवीत तीन खरबुजं होती. पिशवी हातात घेताच दामिनीला त्यांचा वास आला. दर फेब्रुवारीत ज्या वासाने आई दारातच म्हणायची की मन्हा भाऊ उना, तोच हा वास. पर्समधला कागद काढून मामींच्या हातात देणं तिला जमलं नाही. मामांचा फोनही लागत नव्हता. घाटात तो कधीच लागत नाही.

परत येताना ती चौकात रिक्षाची वाट पाहत उभी राहिली. हातात खरबुजं, पर्समध्ये कागद. दोन्ही एकाच घरी न्यायची होती, आणि आई ही पिशवी कोणत्या हाताने घेईल हे तिला कळेना. ती उभी राहिली, दोन रिक्षा सोडल्या. मग झेरॉक्सच्या दुकानात परत गेली, घोषणापत्राचे चार तुकडे केले आणि तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकले. दुकानदाराकडून एक कोरा कागद मागितला आणि काउंटरवरच लिहायला बसली.

'अर्जातील अकरावा रकाना बरोबर आहे. श्री. नासिर पिंजारी माझ्या आईच्या माहेरगावचे आहेत, म्हणून ते माझे मामा आहेत. हे मी खोडणार नाही. नियमात बसत नसेल तर माझा अर्ज बाद करावा.'

मग खाली सही केली. एक वर्ष काही लहान गोष्ट नव्हती. पण सही झाल्यावर तिला कडकडून भूक लागली, कालपासून ती धड जेवलीच नव्हती. घरी तिने पिशवी आईपाशी ठेवली, पण कागदाचं काही सांगितलं नाही.

शुक्रवारी शीला मॅडम आल्या. जनसंवाद विभागाच्या प्रमुख त्याच, आणि इंटर्नशिपचं शेवटचं काय ते त्याच ठरवायच्या. दोन दिवस त्या परीक्षेच्या कामात होत्या. दामिनी आत गेली, कागद टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून उभी राहिली.

मॅडमनी कागद वाचला. मग ड्रॉवरमधून दुसरा एक कागद काढला आणि तिच्या कागदाशेजारी ठेवला.

"हा काल सकाळी आलाय. वाच."

अक्षर तिने लगेच ओळखलं. लाल शाईत तिने ते आयुष्यभर पाहिलं होतं, निळ्या शाईत पहिल्यांदाच पाहत होती.

'आपल्या कार्यालयाकडून बुधवारी मोबाइलवर घोषणापत्राचा नमुना मिळाला. दामिनी माझी भाची आहे. नाते नाही असे मी लिहून देऊ शकत नाही. त्यामुळे तिची अडचण होत असेल तर मार्गदर्शक म्हणून माझे नाव काढावे. आमच्या उपसंपादक रंजनाबाई तिला शिकवतील. तितके दिवस मी बाहेरच्या खोलीत बसेन. मुलीचे वर्ष वाया घालवू नये ही विनंती.'

हेमकांतभाऊंनी नमुना त्यांनाही पाठवला होता. अर्जावर त्यांचा नंबर होताच.

दामिनीला अक्षरं दिसेनाशी झाली. तिने ओढणीने डोळे पुसले, पण काही उपयोग झाला नाही.

"मामा म्हणतो भाची, भाची म्हणते मामा," मॅडम म्हणाल्या. "दोघंही आपापलं नुकसान करून घ्यायला तयार. मी सकाळपासून एक कागद घेऊन बसले होते, आता दोन झाले. हेमकांत!"

हेमकांतभाऊ दारात आले.

"नियम काय आहे? रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असू नये. बाप लेकीला शंभरपैकी शंभर देऊन मोकळा होतो, म्हणून केलेला नियम आहे तो. इथे भाची दामिनी पाटील, मामा नासिर पिंजारी. नावं वाचली होती का?"

"मी अकरावा रकानाच वाचा, मॅडम," हेमकांतभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

मॅडमना हसू आवरेना. "मलाही असे मामा आहेत चार. एक एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी बसमध्ये भेटले की माझं तिकीट तेच काढतात. त्यांना मी काय घोषणापत्र देऊ?" त्यांनी अर्ज पुढे ओढला, लाल ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'रक्ताचे वा विवाहसंबंधाचे नाते नाही. मंजूर.' मग पेन थांबवून वर पाहिलं. "पण गुण तेच देणार. मामा म्हणून सैल सोडलं तर?"

"मॅडम, दहावीत त्यांनी माझा निबंध तपासला होता," दामिनी म्हणाली. "सात वेळा लिहायला लावला."

"मग प्रश्नच नाही," असं म्हणून मॅडमनी सही केली. गोल शिक्का हेमकांतभाऊंनी स्वतः मारला, अगदी जोर लावून, आणि अर्जाची एक प्रत तिला दिली.

बाहेर आल्यावर दामिनी पायऱ्यांवर बसली. तीन दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून नेलं होतं. तिने अर्ज दोनदा वाचला, तिसऱ्यांदा फक्त शिक्का पाहिला, आणि उठून जवळजवळ पळतच छापखाना गाठला.

नासिरमामा चष्मा नाकावर घेऊन एका लग्नपत्रिकेचं प्रूफ पाहत होते. तिने अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला, चुका शोधत. मग चष्मा काढला.

"मामा, मॅडमनी ऐकलं नसतं तर?" दामिनी म्हणाली. "सही करायची ना. माझं वर्ष गेलं असतं."

"वरीस परत येस, बेटा," मामा म्हणाले. "पन ती सही करीसन तुन्ही मायना दारमा मी कोनतं तोंड लिसन उभा ऱ्हातू?"

दामिनीने मग स्वतःच्या कागदाचंही सांगितलं. मामा खुर्चीवरून उठले. खिडकीकडे तोंड करून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मग एकदम संपादक झाले. "सोमवारले नऊले ये. नऊ म्हंजे नऊ. आठे मामा-बिमा काही नही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. हेमकांतभाऊंनी अर्जावरच्या पालकांच्या नंबरला फोन करून बातमी दिलीही होती. दोन दिवसांनी आई पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ती एवढंच, "त्याले जेवाले लई ये."

मामांनी छापखाना शकीलामामींवर सोपवला आणि मोटरसायकल काढली. अर्ध्या रस्त्यात, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर, त्यांच्या लक्षात आलं.

"अरे, खरबुजं तर कालदिन दिनात. आज हात रिकामा शे मन्हा."

"रिकामा नही शे, मामा," दामिनी म्हणाली आणि अर्जाचं पाकीट त्यांच्या खिशात खोचलं.

मोहिनी दारातच उभी होती. नासिरमामांनी गाडी लावली, पायऱ्यांपाशी चपला काढल्या आणि पाकीट तिच्या हातात दिलं. तिने पदराला हात पुसले. सही कुठे, शिक्का कुठे, मंजूर कुठे लिहिलंय, काही पाहिलं नाही. बोट ठेवत ठेवत ती खाली अकराव्या रकान्यापर्यंत आली. 'मामा' तिथे तसाच होता.

"ये भाऊ," ती म्हणाली, "हातपाय धोय. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."