उठाव, उतार, मुक्काम, निरोप

धाकट्या दिरांनी नवा सिंथेसायझर स्टँडवर ठेवला आणि वरचं कापड काढायच्या आधीच मला म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही आराम करा. याची भाषाच वेगळी आहे."

आराम मागितला होता कोणी? आमच्या घरच्या बँडचे मास्तर ते असले, तरी लग्न होऊन आल्यापासून पियानोवर मीच बसते. त्या खुर्चीवर त्यांच्या मेहुण्याचा डोळा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"शिकते ती भाषा," मी म्हटलं.

पहिल्याच तालमीत ते म्हणाले, "सस्टेन वाढवा." मी पाय दाबला. पियानोवाल्याला सस्टेन म्हणजे पायाखालचं पेडल, दुसरं काय? त्यांना हवा होता तो वर, चार बटणांच्या रांगेतला तिसरा. ड्रमवाला हसला. मेहुणा म्हणाला, "राहू दे, या वयात नाही जमत." उचलली जीभ लावली टाळ्याला. मला रडू आलं नाही, संताप आला.

तालीम संपल्यावर मी जाऊबाईंना थांबवून घेतलं. त्या आमच्या गायिका, आणि मेहुण्याची सख्खी बहीण.

"मी बटणं फिरवते. सूर काय करतो ते तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा."

'अटॅक' लिहिलेलं पहिलं बटण फिरवलं. "हळूहळू उठतोय," त्या म्हणाल्या. म्हणजे अटॅक हा उठाव. दुसऱ्याने सूर शिखरावरून खाली आला, तो उतार. तिसऱ्याने बोट दाबलेलं असेपर्यंत सूर किती जोरात टिकतो ते ठरलं. तो मुक्काम. चौथं फिरवलं, तर बोट उचलल्यावरही सूर रेंगाळत राहिला.

"पाहुणे निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारत बसतात ना, तसं," जाऊबाई म्हणाल्या.

रिलीज म्हणजे निरोप. आणि वरचा कर्कशपणा अडवणारा फिल्टर, ती चाळणी. पांढऱ्या पट्टीवर नावं लिहून मी बटणांखाली चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दिरांनी पट्टी पाहिली. "हे काढा. लोक हसतील."

"हसून झालंय, भाऊजी. पट्टी राहील."

"मी रिलीज म्हणणार."

"म्हणा की. हात माझ्या शब्दावर चालतो."

"मग शनिवारच्या कार्यक्रमात मेहुणा बसेल."

"ताई बसणार नसतील तर मी गाणार नाही," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा भाऊ तिथेच उभा होता.

शनिवारी हॉल भरला होता. संथ गाण्यात सगळं छान चाललं होतं, मग जाऊबाईंनी लय वाढवली आणि माझे सूर एकमेकांत मिसळायला लागले. आधीचा जाईना, पुढचा ऐकू येईना. दीर माझ्याकडे वळून ओरडले, "रिलीज! वहिनी, रिलीज!"

मला ऐकू आलं होतं. कोणतं बटण तेही कळलं होतं. मी वाजवत राहिले. जाऊबाई गाता गाता हसल्या. दिरांच्या कपाळावर घाम आला.

"निरोप," ते शेवटी म्हणाले. "वहिनी, निरोप कमी करा."

कमी कशाला? जो निरोप ते मला द्यायला निघाले होते, तो मी थेट शून्यावर नेला, आणि पुढचं गाणं उठावाने सुरू केलं.