मंछारामच्या पेटीतला टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि स्वभावाने संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. माझं लाल बटण दाबलं की माणसं गोड बोलतात. ते बंद केलं की मनातलं बोलतात. वर्षानुवर्षं हे ऐकत आलेला कोणावर भरवसा ठेवील?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नैरोबीच्या दुकानात आलो. तिथे राहणाऱ्या एका मामांनी मला घेतलं आणि बडोद्याला आपल्या भाचीच्या हाती दिलं. या भाचीचं नाव रोहिणीबेन अंजारिया. त्या नुकत्याच कॉलेजात नाटक शिकवू लागल्या होत्या. शिकवण्याखेरीज त्यांचं आणखी एक काम होतं. नाटक बसत असताना त्या दिग्दर्शकाशेजारी बसत आणि संहितेला प्रश्न विचारत. हे पात्र आत्ताच का येतं? हे वाक्य कुठून आलं? मुलं म्हणत, "मॅडम नाटक बसवत नाहीत, नाटकाची उलटतपासणी घेतात."

सुट्टी लागली की त्या मला खांद्याला अडकवून भवाईच्या शोधात निघत. भवाई म्हणजे गुजराती गावांच्या चौकात, देवीपुढे होणारा खेळ. त्यातल्या एकेका नाट्याला 'वेश' म्हणतात. त्यावरच बेनना मोठं पुस्तक लिहायचं होतं.

अशाच एका सुट्टीत आम्ही मेहसाण्याकडच्या कांसवाड्याला पोहोचलो. तिथल्या मंछाराम नायकांचा धोबणीचा वेश पंचक्रोशीत गाजलेला होता. धोबण ते स्वतः व्हायचे. पण ओट्यावर पाय ठेवताच त्यांचा मुलगा कांती आडवा आला.

"बेन, मागे एक साहेब येऊन गेले," तो म्हणाला. "बापूजींचा फोटो काढून पुस्तकात छापला. खाली लिहिलं, 'एक लोककलावंत'. माझ्या बापाचं नाव 'एक' आहे का?"

बेननी मला पिशवीतून बाहेर काढलंच नाही. रोटला खाल्ला, ताक प्यायल्या आणि परतल्या. पुढच्या सुट्टीत पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्याही. शेवटी एके दिवशी मंछारामच म्हणाले, "काढा तुमचं डबडं. पण माझी एक अट आहे. माझी धोबण जिथे जाईल, तिथे तिच्यापुढे माझं नाव चालेल."

"चालेल, काका. शब्द देते," बेन म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, शब्द देताना सगळेच मऊ बोलतात.

मग त्या म्हाताऱ्याने डोक्यावर पदर ओढला आणि खेळातल्या राजाला सुनावलं, "कपडे मी धुऊन देते महाराज, आतला माणूस तुम्ही घरी धुवा." कांतीसुद्धा हसला. मी तो वेश अथपासून इतिपर्यंत गिळून घेतला.

कॉलेजात शैलेन दवे विभागप्रमुख होते. ते राजावर नाटक बसवत होते आणि संहितेचं काम बेनकडेच होतं. एका दुपारी ते आले, मंछारामची कॅसेट ऐकून खूश झाले आणि म्हणाले, "मुलांना लय कळावी म्हणून एक प्रत करून घेतो." त्यांनी माझ्यासमोर दुसरा टेपरेकॉर्डर आणून ठेवला. बेन क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनीच माझं बटण दाबलं. त्या वर्षी त्यांच्या बढतीचा निर्णय व्हायचा होता, आणि तो दव्यांच्या हातात होता. मला दव्यांचा संशय आला. खरं सांगतो, बेनचाही आला.

आता नाटकात एक धोबण आली, आणि तीच नाटकाचा जीव ठरली. फलकावर मात्र छापलं होतं, 'लेखन व दिग्दर्शन : शैलेन दवे'. बेन तो फलक वाचून आल्या आणि मला कॉलेजातल्या आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवून त्यांनी दार लावलं.

पहिल्या प्रयोगाला कांती आला होता. जाहिरातीत धोबणीचा फोटो बघून तो बसने बडोद्याला आला आणि तिकीट काढून बसला. प्रयोग संपल्यावर तो बेनच्या खोलीशी आला. कपाटाच्या दाराआडून मी ऐकत होतो.

"बेन, माझ्या बापाची धोबण शहरात नोकरीला लागली," तो शांतपणे म्हणाला. "बापाला मात्र पत्ता नाही."

तो गेल्यावर बेन उठून दव्यांकडे गेल्या. त्यांची खोली शेजारीच होती आणि मधली भिंत पातळ.

"लोककलेला लेखक नसतो, रोहिणीबेन. ती सगळ्यांची असते," दवे म्हणाले.

"लेखक नसेल, पण माणूस आहे. कांसवाड्यात राहतो. मी त्याला शब्द दिलाय."

"बढतीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. जरा विचार करा."

बेननी विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि आजवर गोळा केलेल्या सगळ्या कॅसेटी पिशवीत भरल्या आणि कांसवाड्याची बस धरली. मंछारामच्या खाटेवर पिशवी ठेवून त्या म्हणाल्या, "काका, चूक माझी आहे. तुमचं नाव लागेपर्यंत माझं सगळं काम तुमच्याकडे गहाण."

"ह्यात आणखी एखादा डाव असेल," कांती म्हणाला.

"असेल तर असेल," म्हातारा म्हणाला आणि त्याने मला घागरे ठेवायच्या पेटीत घालून कुलूप लावलं.

अंधारात मला वाटलं, बाईने नवा टेपरेकॉर्डर घेतला असणार. आपण इथेच सडणार.

पण तिकडे, हे मला मागाहून कळलं, बेननी पुढच्या प्रयोगांच्या तालमींना जाणं सोडलं होतं. कारण विचारलं तेव्हा त्यांनी मुलांना खरं ते सांगितलं. धोबणीचं काम करणारी मुलगी म्हणाली, "नायककाकांचं नाव लागल्याशिवाय मी घागरा नेसणार नाही." दव्यांना नाव लावावं लागलं. मंछाराम आणि कांती स्वतः जाऊन फलक बघून आले. बेनची बढती मात्र गेली आणि पुढे कित्येक वर्षं मिळाली नाही.

त्या मला न्यायला आल्या तेव्हा मंछाराम म्हणाले, "नाव लागलं, बरं झालं. पण डबडं इथेच राहू दे. ऐकायचं असेल तेव्हा या."

बेन म्हणाल्या, "येईन."

आणि त्या येत राहिल्या. पुस्तक लिहिलं ते त्याच ओट्यावर बसून, सुट्ट्यासुट्ट्यांत, थोडं थोडं. बटण कांती दाबायचा आणि ऐकून होईपर्यंत शेजारून हलायचा नाही. मंछाराम वारले तरी त्याची ती सवय सुटली नाही. त्याचं बरोबरच होतं, असं मला वाटे.

गेल्या महिन्यात बेन आल्या. आता निवृत्त झाल्यात, गुडघे दुखतात. कांतीने मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "तुम्ही ऐकत बसा बेन. मी जरा म्हशीचं बघून येतो."

मी पेटीत आल्यापासून आम्ही पहिल्यांदाच दोघंच उरलो. बेनच्या पर्समध्ये मोबाइल होता. त्यात मंछारामचा सगळा आवाज मिनिटांत उतरवता आला असता. त्यांनी पर्स उघडली, आत हात घातला. मी बघत होतो.

त्यांनी कापूस काढला आणि एक छोटी बाटली. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून त्या माझं धुळीने भरलेलं तोंड हळूहळू पुसत राहिल्या. मग बटण दाबलं आणि डोळे मिटून मंछारामची धोबण ऐकली.

मित्रांनो, माझा पट्टा सैल झालाय, आवाज मधूनच अडखळतो. मला सांभाळा असं मी म्हणणार नाही, यंत्रं काय, नवी येतच राहतील. पण कुणाचा आवाज घ्याल, तर त्याचं नाव त्याच्यापासून तोडू नका. आणि कांतीसारखा कुणी शेजारी ठाण मांडून बसला, तर रागावू नका. त्याला बसू द्या.