मृगावली, भाग दुसरा

सत्यभामेने तव्यावरची भाकरी उलटली आणि तेवढ्यात दारात घोडं थांबलं.

"उत्तरेश्वर कोन हाय इथं?"

कडा गावात घोड्यावरून येऊन नाव विचारणारी माणसं दोनच कारणांनी येत. एक, धरून न्यायला. दुसरं, धरून नेल्याचं सांगायला. सासूबाई मागे सुपात डाळ निवडत होत्या; सत्यभामा उठून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. संस्थानच्या हद्दीवर जकात घेणाऱ्या करोडगिरी नाक्याचे नाकेदार भगवानराव ओसरीवर चढत होते. त्यांच्या काखेत रुमालात बांधलेलं चौकोनी काहीतरी होतं. गाठ सुटायच्या आधीच तिला ते काय आहे ते कळलं.

महिन्यापूर्वी नगरहून येणाऱ्या म्हाळू गाडीवानाला नाक्यावर अडवलं होतं. मिठाच्या गोण्यांत सत्यभामेने मागवलेलं पुस्तक सापडलं. कोणाचं, असं विचारल्यावर म्हाळूने तिने शिकवल्याप्रमाणे तिच्या नवऱ्याचं, उत्तरेश्वरचं, नाव सांगितलं.

नवऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं. सरकारी शाळेत तो उर्दूची चार बुकं शिकला होता, तेवढीच. वाचायची ती सत्यभामा. तो जेवायला बसला की ती पिठाच्या मडक्यातून 'मृगावली' कादंबरीचा पहिला भाग काढी, पीठ झटके आणि वाचून दाखवी. सासूबाई तिथंच डाळ निवडत बसलेल्या असत. पण भिवराबाईंचे कान दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गेले होते. पुस्तकही त्याच दिवाळीत घरात आलं, म्हणून सत्यभामा ही देवाची कृपा मानत असे.

कारण वाचणाऱ्या बाईचा नवरा टिकत नाही, हे भिवराबाईंचं पक्कं मत होतं. धारूरच्या शिवकन्येने नुसतं पंचांग वाचलं, तर पंधरा दिवसांत गोठ्याची भिंत कोसळली. नवरा तेव्हा शेतात होता. मेला बैल. पण बैलावर निभावलं म्हणून कोणी गप्प बसलं नाही. शिवकन्येला माहेरी पोचवलं. ती अजून तिथंच आहे.

"हे तुमीच मागवलं?" नाकेदारांनी विचारलं.

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला. त्याने आत पाहिलं नाही. न पाहण्यासाठी त्याला मान हाताने धरून ठेवावी लागली.

"इंग्रजी हद्दीतलं बुक. कादंबरीच्या पुठ्ठ्यात लोक भलतंच छापून आनतात. मागवनारा खरा वाचनारा हाय का ते बघायचं, न्हाईतर त्याला आष्टीच्या तुरुंगात धाडायचं, असा हुकूम हाय. सांगा, पहिल्या भागात मृगावली पत्र कुठं लपवती?"

"अंबाड्यात."

नाकेदारांच्या मिशा हलल्या. "बराबर. आन धैर्यसेन पुरातून पवत निघतो, तवा त्याच्या हातात काय असतं?"

पुराच्या प्रकरणाला उत्तरेश्वरला झोप लागे. सत्यभामेने ते तीनदा वाचून दाखवलं होतं. तीनदा तो पाणी चढायच्या आधीच घोरला होता.

"हातात..." तो म्हणाला. "हातात म्हंजे..."

नाकेदारांनी रुमालाची गाठ परत घट्ट करायला घेतली.

उत्तर सत्यभामेच्या ओठांवर होतं. बोललं तर तिला माहेर, न बोललं तर त्याला आष्टी. चुलीवर भाकरीचा वास करपट व्हायला लागला. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"पोपट," तिच्या मागून आवाज आला. "पिंजऱ्यासकट."

भिवराबाईंनी सुपातून मान वर केली नव्हती.

"भिजला व्हता बिचारा," त्या डाळीतल्या एका खड्याला म्हणाल्या.

ओसरीवर नाकेदार एकदम खालीच बसले. बऱ्याच दिवसांनी गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"आख्ख्या घरानं ऐकलंय व्हय! मग तुमाला सांगाया हरकत न्हाई. हा दुसरा भाग मी पाच वेळा वाचला. आक्षेप घ्यावा असं एक अक्षर न्हाई."

"मग?"

"वाईट हाय." त्यांनी आवाज उतरवला. "येवढा पूर पवून गेलेला मानूस अकराव्या पानावर मरतो. कशानं? उचकी लागून! म्होरं दोनशे पानं मृगावलीचा मामा थंड पान्याच्या आंघोळीचे फायदे सांगतो. मला वाटलं, ह्यात काहीतरी कट असंल. कट असता तर बरं वाटलं असतं, राव. वाईट म्हनून जप्त करावं, तर कागदात तसा रकाना न्हाई."

उत्तरेश्वरची उर्दूत सही घेऊन, पुस्तक ओसरीवर ठेवून ते गेले. जाताना घोड्यावरून त्यांनी पुस्तकाकडे दोनदा वळून पाहिलं. एखाद्याला पोचवून निघावं तसं.

आत सत्यभामा भिंतीला पाठ लावून उभी होती. भाकरीचा कोळसा झाला होता. माहेरी जाताना कोणतं लुगडं नेसायचं, इथपर्यंत तिचा विचार पोचला होता.

"त्याला आत बोलीव," भिवराबाई म्हणाल्या.

उत्तरेश्वर आला, पाटावर बसला. त्यांनी लेकाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, बाजारात खोंड बघावा तसं.

"दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "साधा ताप न्हाई आला ह्याला."

मग त्यांनी त्याच्यापुढे ताट सरकवलं आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "वाच."

सत्यभामा वाचू लागली. पानांवर बोटांचं पीठ उमटत होतं. नववं पान झालं, दहावं झालं. उत्तरेश्वर कुठल्याच भागात नव्हता इतका जागा होता आणि कोरडी, करपलेली भाकरी मुकाट चावत होता.

"'इतक्यात धैर्यसेनास...'" ती थांबली.

"हिक्," उत्तरेश्वर म्हणाला.

त्याने तोंडावर हात दाबला, तरी आतून दुसरी आली. भिवराबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. त्यांनी पाण्याचा तांब्या लेकाकडे ढकलला.

सत्यभामेचे डोळे पानावर होते.

"'धैर्यसेनाने शीतल जल प्राशन केले,'" ती म्हणाली, "'आणि उचकी तत्काळ थांबली.'"

उत्तरेश्वरने तांब्या तोंडाला लावला. तिघांनी वाट पाहिली.

"मोठ्यानं वाच," भिवराबाई म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतं."