बाबांची चाल

“मेंदूचा दवाखाना म्हणून खुर्च्या अशा दगडाच्या ठेवायच्या? बाकीचं अंग काय घरी ठेवून आलोय आपण?” आई तिच्या कानाशी कुरकुरली.

ती हसली नाही. हल्ली हसलं की ठसका लागायचा.

शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आधी कात्री खडूच्या रेघेवरून घसरायला लागली, मग पाय, मग जीभ. गिऱ्हाइकं तोंडाने काही बोलायची नाहीत. माप देताना हळूच तिच्या तोंडाचा वास घ्यायची तेवढी. शेवटी तिने दुकानाचं दार आतून लावून घेतलं. मशीन आणि ती. दोघी गप्प.

डॉक्टरीणबाईंनी तिला फरशीच्या रेघेवरून चालवलं, टाचेला अंगठा लावून. चौथ्या पावलाला तिने भिंत गाठली.

“लहान मेंदू आक्रसलाय, ते फोटोत दिसतंय. पण का, ते कळत नाहीये. असे आजार पुष्कळ असतात आणि बरेचसे घराण्यातून येतात. कुठला शोधायचा हे घरच्यांवरून ठरतं. कुणाचा तोल जायचा?”

“छे! आमच्यात सगळे ठणठणीत,” आई म्हणाली. याआधीच्या दोन्ही दवाखान्यांत तिने हेच सांगितलं होतं, याच ठसक्यात.

“वडील?”

“ते प्यायचे,” तीच म्हणाली. “झोकांड्या खात घरी यायचे. बोलणं जड. शेवटी शेवटी तर पाण्याच्या घोटानेही ठसका लागायचा.” शाळेतून येताना ते समोरून दिसले, की ती मैत्रिणींना घेऊन रस्ता ओलांडायची. त्यांनी कधी हाक मारली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “किती प्यायचे?”

तिने आईकडे पाहिलं. आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

“आजी, चुकीच्या वाटेने शोधलं तर हिची वर्षं फुकट जातील. आणि हिला मुलगी आहे ना?”

चेन थांबली.

“मला दोन पोरी उजवायच्या होत्या, बाई,” आई म्हणाली. “दारुड्याच्या पोरी लोक करून घेतात. असल्या आजाराच्या घरातली कोण करतं? तेच म्हणाले, लोक बेवडा म्हणतात ना, म्हणू दे.”

मग ती लेकीकडे वळली.

“तुझ्या बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता गं.”