वरच्या मजल्याची कोरी वही

खालच्या मजल्यावर कोणी पडलं की वरच्या मजल्यावरच्या सेविकेला, थोरल्या मावशीला, आधी वाईट वाटायचं आणि लगोलग बरं वाटायचं. कधी कधी हा क्रम उलटाही व्हायचा. आपलं हे तिला स्वतःलाही आवडत नसे, पण मनाला कोण लगाम घालणार?

त्या वृद्धाश्रमाला दोन मजले होते. प्रत्येकावर चौदा माणसं आणि प्रत्येक मजल्याची एक नोंदवही. कोण पडलं, कुठे पडलं, किती लागलं आणि मग काय केलं, ते सगळं त्या वहीत लिहायचं. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं. कामावरची माणसं तिला पडझडीची वही म्हणत. वरच्या मजल्याची वही थोरलीच्या ताब्यात होती आणि गेले चौदा महिने कोरी होती. व्यवस्थापक आल्या-गेल्याला ती उघडून दाखवत आणि पाहुणे कोरी पानं बघून माना डोलावत. थोरली तेव्हा टॉवेलांच्या घड्या घालत जवळपासच असायची.

ती पानं काही आपोआप कोरी राहिली नव्हती. थोरलीने आपली माणसं तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. कोणी खुर्चीच्या हातावर जोर दिला रे दिला की ही हजर. पाणी हवंय? मी देते. खिडकी लावायचीय? मी लावते. जेवायला जायचं व्हीलचेअरवरून, अंघोळीला जायचं व्हीलचेअरवरून. "बसा, मी आहे ना," हे ती दिवसातून पन्नासदा म्हणायची आणि माणसं बसायची.

आठ महिन्यांपूर्वी खालच्या मजल्यावर नवी सेविका आली. वयाने निम्मी, हाडापेराने काडी, कानावर कायम पेन्सिल. स्वयंपाकिणीने दोघींची नावं थोरली आणि धाकटी अशी पाडली आणि आता फक्त नवरा शोधायचा राहिलाय, असं वर म्हणाली. सगळे हसले. थोरलीही हसली, पण ते तिच्या मनाला चांगलंच लागलं होतं.

ही धाकटी सकाळचा नाश्ता झाला की आपल्या माणसांना उभं करायची आणि भिंतीचा कठडा धरून व्हरांड्यात चालवायची. आठ महिन्यांत तिच्या वहीत नऊ नोंदी झाल्या होत्या. एका आजींचं मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं. थोरली पेन विसरल्याचं निमित्त काढून खाली जायची आणि ती वही चवीने वाचून यायची. एवढी माणसं पाडूनही खालचा मजला हसतो कसा, हे कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. ते हसू जिन्यातून वर यायचं आणि तिचा जीव जळायचा.

तरी हे सगळं तिने पचवलं असतं. पण मध्ये बाई आल्या.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी स्वतःची बॅग स्वतः उचलून, जिना चढून आलेल्या. थोरली त्यांचे केस विंचरायची आणि तेवढ्या वेळात बाई पेपर वाचून दाखवायच्या, मंत्र्यांना दहापैकी मार्क द्यायच्या. तीनच्या वर कोणी गेला नव्हता. घरी गेल्यावर थोरलीशी बोलायला कोणी नसे. दिवसभरात तिचं खरं बोलणं व्हायचं ते एवढंच.

महिन्यापूर्वी केस विंचरताना बाई म्हणाल्या, की मला खाली राहायला जायचंय, तिथे चालवतात म्हणे. थोरलीचा कंगवा हातातच राहिला. चालण्याचं तिच्या कानात शिरलंच नाही. बाईंना धाकटी हवी झाली, एवढंच तिला ऐकू आलं. नवऱ्याने घराबाहेर काढावं तसं तिला झालं.

खोली बदलायची तर एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात मजल्यावरच्या सेविकेचं मत लिहायचा रकाना असतो. थोरलीने सुवाच्य अक्षरात लिहिलं: पडण्याचा धोका जास्त. हलवू नये. त्यात नियमाबाहेरचं एक अक्षर नव्हतं. आणि बाईंना सांगितलं की व्यवस्थापक नाही म्हणाले. बाई बरं म्हणाल्या आणि पेपर उघडला.

मग वार्षिक तपासणी आली. तपासनीस म्हणजे एक वाकलेला, मृदू बोलणारा गृहस्थ. प्रत्येक दाराशी आधी विचारूनच आत जाणारा. तो खालच्या मजल्यापासून सुरू झाला तेव्हा थोरली जिन्याच्या कठड्यावरची धूळ पुसत होती. तिथे धूळ नव्हती. आता नऊ नोंदींचा हिशेब होणार आणि धाकटीचं तोंड उतरणार, म्हणून ती जीव कानात आणून उभी होती.

त्याने नऊच्या नऊ नोंदी वाचल्या आणि प्रत्येक नोंदीपाशी धाकटीला एकच विचारलं, की यानंतर काय बदललं. धाकटी सांगत गेली. बाथरूमबाहेरचं पायपुसणं काढलं. दोघांच्या सैल चपला बदलल्या. एका आजोबांचे डोळे तपासले तर चष्म्याचा नंबरच चुकीचा निघाला. तो लिहीत होता. रागावला तर नाहीच, उलट आजोबांना नवा चष्मा आवडला का, असं त्याने विचारलं. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

असू दे, म्हटलं तिने मनाशी, आता आमची वही बघ.

तो वर आला, मागे व्यवस्थापक, त्यांच्या मागे फायली घेऊन धाकटी. थोरलीने वही पुढे केली. कोरं पान वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्याने एकेका पानावर घालवला. मग विचारलं, "यातले किती जण खुर्चीतून आपले आपण उठतात?"

"उठायची वेळच येऊ देत नाही मी," थोरली म्हणाली. ताठ मानेने म्हणाली.

त्याने मान डोलावली नाही. बाईंची फाइल उघडून तो त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, की तुम्ही आलात तेव्हा जिना चढत होता असं इथे आहे, जरा उठून दाखवता का. थोरलीचे हात सवयीने पुढे झाले. त्याने तिला खुणेनेच थांबवलं. बाईंनी खुर्चीचे हात धरले. एकदा जोर लावला, दोनदा लावला. तिसऱ्यांदा कोपरं लटलट कापली, तोंड लाल झालं, पण अंग काही हललं नाही.

"आज जरा दुखतंय, साहेब," बाई म्हणाल्या. "एरवी उठते मी. हिचं काही चुकलेलं नाही."

आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारी ती बाई आपल्यासाठी खोटं बोलली, हे थोरलीला कळलं. ती शरमेने अर्धी झाली.

तपासनीसाने फाइलीतला फॉर्म काढला, रकाना वाचला आणि विचारलं की पडण्याचा हा धोका दोन वर्षांत वाढला कशामुळे. व्यवस्थापकांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीने जमिनीकडे पाहिलं. मग तो बाईंकडे वळला आणि म्हणाला, की हे मत राहू द्या बाजूला, तुम्हाला स्वतःला खाली जायचंय का.

बाईंनी थोरलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. "नको," त्या म्हणाल्या. "इथेच बरी आहे मी."

व्यवस्थापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तपासनीसाने नाइलाजाने तसं लिहून घेतलं आणि तो दाराकडे निघाला. धाकटीच्या देखत, सरकारी माणसाच्या देखत, बाईंनी थोरलीला निवडलं होतं. अशी जीत तिला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

फक्त एक गोष्ट होती. बाईंचं पहिलं नको हे नको नसायचंच. चहा घेता? नको. शाल देऊ? नको. डॉक्टर बोलावू? अजिबात नको. दुसऱ्यांदा विचारलं की हात पुढे यायचा. हा स्वभाव दोन वर्षांत थोरलीने ओळखला होता आणि तो दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता. कुठल्या निकषात नव्हता, कुठल्या रकान्यात नव्हता. ती गप्प बसली असती तर तिला कोणी बोल लावला नसता. गप्प बस, असं तिचं जळकं मन तिला सांगतच होतं. बाई मांडीवरचे हात चोळत होत्या. कोपरं अजून कापत होती.

"थांबा, साहेब," थोरली म्हणाली. खुर्चीशी खाली बसली. "बाई, परत विचारते. खाली जायचंय तुम्हाला?"

"हो."

फारच पटकन आलं ते. "व्यवस्थापकांनी नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच अडवलं होतं."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या.

दुपारी सामान हललं. थोरलीने लिफ्टमधून खाली नेतानाही व्हीलचेअर कोणाला ढकलू दिली नाही. कुठला साबण, कुठली उशी, औषध आधी की पाणी आधी, सगळं तिने घडाघडा सांगितलं आणि धाकटीने कानावरची पेन्सिल काढून लिहून घेतलं. शेवटी धाकटी म्हणाली, "मावशी, एक विचारू? त्या नको म्हणाल्या होत्या, तरी तुम्ही परत का विचारलंत?"

एवढी एकच गोष्ट आता थोरलीकडे उरली होती.

"सहज," ती म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

चारपाच पायऱ्या चढली असेल, तोच खाली चहाची किटली फिरू लागली. बाई, घेणार का, असं धाकटीने विचारलं. नको, असं उत्तर आलं. किटली पुढच्या खोलीकडे गेली. थोरलीला आधी बरं वाटलं. छान वाटलं. ती आणखी एक पायरी चढली, थांबली, तशीच उभी राहिली. या वेळेला बाईंना चहा लागतो.

"अगं ए," ती कठड्यावरून वाकून ओरडली, चांगली चिडून ओरडली. "परत विचार त्यांना."