फुलांवर जळणारी थंडी

मित्रांनो, तुम्ही उन्हात बसला असाल तर माझं बोलणं तुम्हाला पटणार नाही. तरी ऐका. कोरियातल्या चुनछन गावचा, बदकाची पिसं भरलेला, पोटऱ्यांपर्यंत येणारा काळा कोट आहे मी.

या गावात व्हिएतनामच्या मुली शिकायला येतात. त्यांची एक रीत आहे. जिची पहिली थंडी निभावली, तिने आपला कोट घेऊन बस थांब्यावर जायचं आणि नव्या मुलीच्या अंगावर स्वतःच्या हाताने चढवायचा. असा मी चार मुलींच्या अंगावरून सप्टेंबरात खुएकडे आलो. डिसेंबरात तिच्या खोलीची जमीन तापवणारी भट्टी बंद पडली, तेव्हा तीन दिवस ती माझ्यातच गुरफटून होती. बाहीला नाक पुसत म्हणाली, "तू नसतास तर मी पहिल्याच विमानाने आईकडे पळाले असते." मी फुशारून गेलो होतो.

मग हिवाळ्याची सुट्टी लागली आणि खुए सणाला घरी गेली. दोन महिने मी खिळ्यावर तिची वाट पाहिली. फेब्रुवारीअखेर ती परतली, तर इथे लख्ख ऊन! अंगणातल्या झुडपांना पिवळ्या कळ्यासुद्धा धरल्या होत्या. खुएच्या अंगात आईने शिवलेलं पातळ पिवळं जाकीट होतं. आल्या आल्या तिने मला खिळ्यावरून ओढलं.

घरमालकीण मालसुन आजी पायरीवर पातीचा कांदा निवडत होत्या. "पोरी, एवढ्यात हुरळू नकोस. फुलांवर जळणारी थंडी यायचीय अजून, कळ्या दिसल्या की जळफळत उलटून येते ती. तिनं भल्याभल्यांना आडवं केलंय."

"आजी, तुम्हाला तर जूनमध्येही थंडी वाजते!"

"आणि ती नवी मुलगी येणारे, थोआ? तिला काय घालशील?"

"ती वसंतात येतेय. तिला हे गोधडं कशाला?"

गोधडं! कोपऱ्यावर जुन्या कपड्यांची हिरवी पेटी असते. ती तुडुंब भरलेली होती, म्हणून खुएने मला वरच टाकलं आणि हात झटकले. मी तेव्हाच ठरवलं, हिला सोडायचं नाही.

संध्याकाळी मालसुन आजींनी मला उचलून आणलं. त्यानंतर मी रोज थंडीला मनातल्या मनात आवतण धाडत होतो. ये बाई, लवकर ये. मार्चच्या चार तारखेला ती आली. कळ्यांवर बर्फ बसला. खुए पिवळ्या जाकिटात दातावर दात आपटत दारात उभी, आणि समोरून मला घालून आजी येताहेत!

"आजी... हा तर माझा कोट!"

"तुझा? टाकलेल्याला मालक असतो होय?"

"आजच्या दिवस तरी द्या ना."

"छे गं! मला तर जूनमध्येही थंडी वाजते."

माझं पीस न् पीस सुखावलं. पण एवढ्याने माझं पोट भरलं नव्हतं. तिने नुसतं मला टाकलं नव्हतं, पाचव्या मुलीनंतरची माझी वाटच तोडली होती.

त्याच दुपारी थोआ बस थांब्यावर उतरली. सुती सदरा, निळे पडलेले ओठ. खुएने तिचा हात घट्ट धरला, कारण द्यायला दुसरं काहीच नव्हतं. मागून आल्या मालसुन आजी. त्यांनी मला काढलं, तर आत त्यांचा स्वतःचा कोट होताच! मला त्यांनी थोआच्या अंगावर चढवलं आणि बाजूला सरकल्या.

थोआ खुएपुढे वाकली. "ताई, हा तुमचाच ना? आई म्हणालीच होती, ताई कोट घेऊन येईल."

नुसती मान हलवली असती तरी खुएची अब्रू राहिली असती. मी श्वास रोखून होतो.

"माझा होता," खुए म्हणाली. "मी फेकून दिला होता."

थोआने तिचा हात सोडला आणि आपले दोन्ही हात माझ्या खिशात घातले.

मित्रांनो, मला वाईट वाटलं असं तुम्हाला ऐकायचं असेल. नाही वाटलं. खरं बोलली, तेवढं मी मानलं. आमच्यावर माया करा असं मी म्हणत नाही. फक्त टाकण्याआधी, मागून कोण कुडकुडत येतंय ते बघा. नाही बघितलंत, तर आम्ही थांबतो. आम्हाला घाई नसते.

घरी जाताना खुए आमच्या मागून चालत होती. मी एकदाही वळून पाहिलं नाही.