मला इटालियन व्हायचं नाही!

मी एक जुना ओटा आहे. पण मित्रांनो, जुना म्हणून मला कोणी मोडीत काढू नका, सांगून ठेवतो! अकोल्याच्या जठारपेठेत, एका गल्लीतल्या घराच्या दाराशी माझं ठाण आहे. घरमालक पुंजाजींनी काळे दगड स्वतः घडवून मला बांधलं आणि घरादाराला एक रीत घालून दिली. ओट्यावर टेकलेल्याला ‘ऊठ’ म्हणायचं नाही, ‘पाणी आणू काय?’ असं विचारायचं.

किती जण टेकले! भाजीवाल्या, पोस्टमन, उन्हानं जीव काकुळतीला आलेले वाटसरू. बसून बसून माझ्या मधोमध खळगा पडला. “काय थंडगार ओटा आहे हो!” असं कोणी म्हटलं की मी फुगून जायचो.

मग घरोघरी कूलर आले आणि लोक आत बसू लागले. परवा तर पुंजाजींच्या नातवानं, स्वप्निलनं, गुळगुळीत इटालियन फरशी आणली. “हा ओटा फोडू. इटालियन लावू. घर कसं झकास दिसन!” डोमाजी मिस्त्रीनं हातोडा घातला आणि माझा कोपरा उडाला. दुखलं तर खरंच, पण त्याहून जास्त संताप आला.

तेवढ्यात इटलीत शिकणाऱ्या त्याच्या बहिणीचा, प्रियदर्शनीचा, व्हिडिओ कॉल आला. स्वप्निल फुशारकीनं म्हणाला, “ताई, पाह्य, आपला ओटा इटालियन होऊन राहिला!”

“थांब, तुले खरं इटालियन दाखवते,” म्हणत तिनं फोन तिथल्या गल्लीत फिरवला. रंग उडालेली जुनी घरं, दगडी रस्ता, दारोदारी झिजलेल्या पायऱ्या. त्यांवर बसून म्हाताऱ्या बाया शेंगा सोलत होत्या.

स्वप्निलची आई चतुराबाई पाहतच राहिली. “अवो माय! त्यायचेही दगड आपल्यासारखेच झिजले. त्यायनं जपले, अन् तू कावून फोडून राहिला?”

“आई, फरशी आनून झाली ना!”

“सैपाकघरात लाव.” आणि ती माझ्या खळग्यात फतकल मारून बसली. शेजारच्या आशाबाई येऊन बसल्या. डोमाजीनंही हातोडा खाली ठेवला आणि टेकला.

स्वप्निल तणतणत पुढे आला. ‘उठा’ हा शब्द अगदी ओठांवर होता. माझा जीव टांगणीला लागला! पण लहानपणापासूनची सवय कुठं जाते? तोंडातून निघालं, “पानी आनू काय?”

मित्रांनो, माझा कोपरा तुटला, पण मी हललो नाही आणि हलणारही नाही. तुमच्याही दाराशी काही जुनं असेल, तर हातोडा उचलण्याआधी त्यावर घडीभर बसून पाहा. आणि उन्हातून इकडे आलात, तर टेका. पाणी आणायला स्वप्निल आहे.